यंत्रातली संध्याकाळ

दसरा झाला, पावसानं पाठ फिरवली आणि ऊन तापायला लागलं की लोकांचं डोकं दुखतं. माझं पोट दुखतं. उन्हाचा आणि पोटाचा काय संबंध असं कुणी विचारलं तर मी पित्त म्हणून सांगते. खरं कारण वसईजवळच्या वटार गावात आहे. तिथं या उन्हाची वर्षभर वाट बघणारी एक बाई राहते. ग्लॅडिस तिचं नाव, माझी मैत्रीण. ऑक्टोबरचं हे ऊन तिचं आहे. माझं ऊन काचेपलीकडचं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, खाण्याचे जिन्नस बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत, एसीच्या झोताखाली शाल घेऊन मी बसलेली असते आणि बाहेर अंगण तापलेलं दिसतं.

"पित्तबित्त काही नाही," प्रशांत, माझा नवरा, चहा पिता पिता म्हणतो. "जळतेस तू."

"जळते तर जळते. तुला काय त्रास?"

"मला काय. पण पित्ताच्या गोळ्या तरी नको खाऊस उगाच."

वसईबाहेरच्या माणसाला सुकेळी म्हणजे काय ते सांगावं लागतं. राजेळी केळी पेंढ्यात पिकवायची, सोलायची आणि बांबूच्या मांडवावर उन्हात टाकायची. दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. पण खरी गंमत संध्याकाळी असते. ऊन कलायला लागलं की सगळी केळी गोळा करायची, एकेक हातानं हलकेच दाबायची, टोपलीत रचायची आणि केळीच्या वाळक्या पानांनी झाकून ठेवायची. सकाळी पुन्हा मांडवावर. असं आठवडाभर. शेवटी ती मधाच्या रंगाची, बोटाएवढी, चिकट आणि मऊ होतात, आणि वाळक्या पानातच बांधून त्यांची पुडकी करतात. देवळाची, म्हणजे चर्चची, संध्याकाळची घंटा व्हायच्या आत मांडव रिकामा झाला पाहिजे, असा वटारच्या त्या आळीतला रिवाज. घंटा झाली आणि मांडवावर केळं दिसलं तर शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, "काय गं, घरात कुणी नाही का?"

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडिलांनी नोकरी संपताना वसईत फ्लॅट घेतला म्हणून मी वसईकर. सुकेळी मी दुकानातून आणून खायची. ती कशी होतात ते मला ग्लॅडिसनं दाखवलं, आणि तेही कंपनीच्या कृपेनं.

ग्लॅडिस तेव्हा माझ्याच कंपनीत होती. त्या वर्षी कंपनीला साक्षात्कार झाला होता की आपल्याकडचे लोक नोकरासारखं वागतात, मालकासारखं वागत नाहीत. मग एक योजना निघाली. नव्या कल्पना द्या, कंपनीच्या आतच आपला धंदा उभा करा, कंपनी पाठीशी आहे. सगळ्यांना टी-शर्ट वाटले, त्यांच्या छातीवर लिहिलेलं, "मालक मीच." माझा टी-शर्ट लहान झाला आणि ग्लॅडिसचा मोठा, म्हणून आम्ही बदलून घेतले. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. मी बिस्किटांच्या ओलाव्यावर काम करायची, ती चवीवर.

"मालकासारखा विचार करायचा आणि पगार नोकराचा घ्यायचा," ग्लॅडिस टी-शर्टाची घडी घालत म्हणाली. "शहाणे आहेत हं."

पण कल्पना तिनंच काढली. सुकेळी. सगळ्या देशाला खाऊ घालू म्हणाली. नमुने करायचे म्हणून त्या मोसमातल्या प्रत्येक सुटीला मी स्कूटर काढून वटारला जायची. निर्मळ गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना वाड्या लागायच्या, पाटाच्या पाण्याचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. तिच्या आईनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून एक बुटका पाट आणून मांडवाशेजारी ठेवला. एका कोपऱ्यावरचा टवका उडालेला, निळा रंग दिलेला. "हा हिचा," असं काहीतरी ती त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाली. ती बोली मला निम्मी कळायची. ग्लॅडिस माझ्याशी आपलं साधं मुंबईचं मराठी बोलायची आणि आईकडे मान वळवली की निराळीच व्हायची, भराभर बोलायची, हसायची. मला तेव्हाच पहिल्यांदा तिचा हेवा वाटला. आमच्या घरची बोली माझ्या आजोबांबरोबर संपली.

हात चिकट व्हायचे. मधमाश्या यायच्या, त्यांना काही करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. मांडवावर जुन्या मच्छरदाण्या टाकलेल्या, त्यातून ऊन गाळून यायचं. केळं दाबताना जोर किती द्यायचा हे आधी जमेना, माझी सगळी फाटायची. "पोळी लाटत नाहीयेस," ग्लॅडिस म्हणायची. दुपारी तिच्याकडचं बोंबलाचं कालवण आणि भात. मग पुन्हा पाटावर. नोकरीला लागल्यापासून इतकं सुख मला कुठल्या मीटिंगमध्ये झालेलं आठवत नाही.

आमची कल्पना कमिटीपुढे गेली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि मधे वाळक्या पानातलं आमचं पुडकं. साहेबांनी एक खाल्लं, चांगलं आहे म्हणाले, दुसरंही खाल्लं.

"पण ऊन पडलं नाही तर?" एकानं विचारलं.

"पडेल तेव्हा सुकवायची," ग्लॅडिस म्हणाली.

सगळे हसले. ती विनोद करत नव्हती. कमिटीनं सांगितलं, पुढच्या तिमाहीत बघू. पुढच्या तिमाहीत सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. ग्लॅडिस बाहेर आली, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "मी चालले. माझ्याकडे मांडव आहे, केळी आहेत, ऊन आहे. यांच्याकडे काय आहे? तारीख. येतेस?"

माझी श्रेया तेव्हा पहिलीत होती. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

तेव्हापासून दरवर्षी, मोसमातलं पहिलं केळं मांडवावर पडलं की त्या रविवारी ग्लॅडिस फोन करते. मिस्सा आटोपून घरी आली की करते. मी जाते, निळ्या पाटावर बसते, चार टोपल्या भरू लागते, आणि निघताना ती विचारते, "मग, या वर्षी येतेस?" मी म्हणते, पुढच्या वर्षी. कधी श्रेयाची शाळा, कधी सासूबाईंचं ऑपरेशन, कधी माझी बढती. कारणं खरी होती. ती हसून म्हणायची, "पाट आहे तुझा." लोक भाऊबीजेला माहेरी जातात तसं माझं हे जाणं. त्या एका प्रश्नावर मी वर्ष काढायची. सोमवारी कुणी साहेब अंगावर आला की मनात म्हणायची, माझा पाट आहे वटारला, तू मला काय सांगतोस.

तिच्या पुडक्यांवर तिचं नाव आहे. "ग्लॅडिसची सुकेळी", खाली मांडवाचं चित्र, तिच्या पुतणीनं काढलेलं, जरा तिरकं. ते तिरकं चित्र बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. कंपनीत एवढं तिरकं चित्र छापायला कुणी परवानगी दिली नसती. ती उन्हानं रापली आहे, टाचांना भेगा आहेत, आणि फोनवर परगावच्या गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगते, "नाही मिळणार. संपली. जानेवारीत विचारा." नाही मिळणार. हे दोन शब्द मी नोकरीत कधी उच्चारलेले नाहीत. मी म्हणते, "बघते हं, कळवते."

मी म्हणजे अगदीच हातावर हात ठेवून बसले होते असं मात्र नाही. ग्लॅडिस गेल्यावर काही काळानं कमिटीतली माणसं बदलली. नव्या साहेबांना गावाकडच्या चवी हव्या होत्या. मी जुना प्रस्ताव काढला. यंत्र आलं, स्टीलचं, खोलीएवढं. त्यात केळी एका दिवसात वाळली आणि चपलेच्या तळासारखी निघाली. फिकट, कडक. मी उष्णता कमी केली, जास्त केली, हवा बदलली. तळच.

मग एका रविवारी वटारला टोपली झाकताना माझ्या हाताला आतल्या केळ्यांची ऊब लागली आणि डोक्यात प्रकाश पडला. ऊन केळ्याला बाहेरून सुकवतं. संध्याकाळी टोपलीत, अंधारात, आतला ओलावा सावकाश बाहेर येतो, रंग चढतो, गोडी मुरते. आमच्या यंत्रात दुपारच दुपार होती. संध्याकाळ नव्हतीच.

सोमवारी मी सांगितलं, मधे मधे यंत्राची आच बंद करा, दारं लावून घ्या, केळी तशीच राहू द्या. मेंटेनन्सचे कुलकर्णी कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"मॅडम, बंद ठेवायला मशीन घेतलंय का आपण?"

पण भला माणूस. त्यांनी केलं. वर एक बझर बसवून दिला, आच बंद झाली की वाजायचा. तो वाजला की कामगार म्हणायचे, "चला, मॅडमची संध्याकाळ झाली." आणि केळी निघाली ती मधाच्या रंगाची, मऊ. मी त्या वेळी ट्रेपुढे उभी राहून रडले, कुलकर्णींनी तोंड फिरवून घेतलं. सांगायचं म्हणजे हे मला वटारच्या अंगणात कधी जमलं नसतं. तिथं संध्याकाळ आपोआप होते. ती लोखंडात घालायला कंपनी लागते, यंत्र लागतं, चुकायला परवानगी लागते आणि महिन्याचा पगार लागतो. उगाच नोकरीला नावं ठेवायची तर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. मला तिथं आवडतं. भोंगा आवडतो. एक तारखेला फोन वाजतो तो आवाज आवडतो.

त्यातली चार केळी डब्यात घालून मी ग्लॅडिसकडे नेली. तिनं एक खाल्लं. चावत राहिली.

"आमचीच आहेत," शेवटी म्हणाली. मग डबा बंद करून परत देताना म्हणाली, "पाऊस आला तरी होतात ना तुझी?"

"होतात."

"मजा आहे."

तिचा चेहरा पडला होता. तो पडलेला चेहरा मला अजून आवडतो. काय करू, आवडतो. इतक्या वर्षांत एकदाच मी पाटावर बसले होते आणि हेवा तिच्या बाजूला होता.

कंपनीनं त्या मालाला इंग्रजी नाव दिलं, त्यात केळ्याचा उल्लेखही नव्हता. गौरव झाला, केक कापला. कंपनीच्या मासिकात फोटो आला, त्यात साहेब मधोमध आहेत आणि उजवीकडे माझं कोपर आहे. श्रेयानं ते कोपर ओळखलं, बांगडीवरून. पुढे उत्पादनाला नवे प्रमुख आले. त्यांनी विचारलं, यंत्र इतके तास रिकामं का बसतं? मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे, आणि संध्याकाळ काढून टाकली. रंगासाठी वरून साखरेचा पाक आला. मी तक्रारींची वाट बघत बसले. आल्या नाहीत. खप वाढला. बझर अजून तिथंच आहे भिंतीवर, वाजत नाही. ती संध्याकाळ नाहीशी झाल्याचं जगात फक्त मला आणि कुलकर्णींना माहीत आहे, आणि कुलकर्णी रिटायर झाले.

ग्लॅडिसची संध्याकाळ कुणी काढू शकत नाही. अर्थात तिची दुपार जाऊ शकते. गेल्या वर्षी परतीचा पाऊस अवेळी फिरून आला, दोन दिवस आभाळ हटेना, आख्ख्या मांडवाला बुरशी धरली. मी गेले तेव्हा ती सगळी केळी नारळाच्या आळ्यात लोटत होती. मग पाय धुतले आणि म्हणाली, "एसीत आज बरं वाटत असेल नाही?" मला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. आणि त्या वाईटाच्या खाली कुठंतरी गारही वाटलं. बघ, नाही आले ते बरं केलं, असं काहीतरी. घरी येताना स्कूटरवर मी स्वतःला पुष्कळ बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. नवी केळी, धुतलेला मांडव. गार वाटलेलं सगळं पुन्हा तापलं.

आणि आता हा ऑक्टोबर. श्रेया पुण्याला शिकायला गेली. सासूबाईंचे गुडघे बरे आहेत. बढती मिळायची ती मिळून झाली, पुढची खुर्ची ज्याची आहे तो माझ्याहून तरुण आहे. माझ्याकडची कारणं संपली. प्रशांतला म्हणाले, "या वर्षी तिनं विचारलं तर मी हो म्हणणार."

त्यानं पेपर खाली केला. "खरंच?"

"खरंच."

"मग म्हण," तो म्हणाला. "मी आहे." एवढं बोलून त्यानं पेपर पुन्हा वर केला, पण पान काही उलटलं नाही.

पहिल्या रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या रविवारी मीच निघाले. रस्त्यात हेल्मेटच्या आत हो म्हणून पाहिलं. निर्मळच्या पुढे एकदा मोठ्यानं म्हणाले, "येते." बरं वाटलं. परत म्हणाले.

मांडव भरलेला होता. ग्लॅडिस मच्छरदाणी सारखी करत होती. आणि निळ्या पाटावर एक बाई बसली होती, पाठमोरी, मान खाली, हात भराभर चालत होते. केळं एकही फाटत नव्हतं.

"ही लवीना, माझ्या चुलतभावाची बायको," ग्लॅडिस म्हणाली. "बँकेतली नोकरी सोडली हिनं. आता आम्ही दोघी."

लवीना पटकन उठली. "बसा ना मॅडम. तुम्ही पाहुण्या."

"नाही नाही, तुम्ही बसा," मी म्हणाले. ग्लॅडिसनं ओटीवरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. त्या घरात इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. तिथून मांडव वरून दिसतो, केळ्यांना हात पोचत नाही.

त्या दोघी त्यांच्या बोलीत बोलत होत्या आणि माझ्यासाठी मधेच मराठीत येत होत्या. मांडवावर पारदर्शक छप्पर घालायचं लवीनाच्या मनात होतं, म्हणजे ऊन आत येईल आणि पाऊस बाहेर राहील. तिनं ते दुपारी जेवताना सांगितलं. ग्लॅडिसनं बोंबलाचा काटा काढत विचार केला आणि म्हणाली, "कर."

कर. झाली कमिटी. माझा घास तोंडात फिरायला लागला. माझ्या एका संध्याकाळसाठी मी किती टेबलांपुढे उभी राहिले होते. मला ग्लॅडिसचा हेवा वाटला, आणि त्याहून लवीनाचा. ग्लॅडिसकडे निदान वाडी होती, मांडव होता. लवीना माझ्यासारखीच, एक तारखेची बाई. ती कशी उठली?

ऊन कललं. गोळा करायची वेळ झाली. मी खुर्चीवरून उठले आणि टोपली धरली, तेवढं कुणी अडवलं नाही. केळी गरम होती. मी वाट बघत होते. ग्लॅडिस पानं झाकत होती, लवीना दुसऱ्या टोकाला होती. प्रश्न येईना. टोपल्या संपत आल्या. शेवटी मीच म्हणाले, "या वर्षी विचारलं नाहीस ते?"

ती थांबली. पदराला हात पुसले. "विचारते की," ती म्हणाली, आणि नेहमीसारखं हसून विचारलं, "मग, या वर्षी येतेस?"

माझ्या तोंडात हो होतं. दोन आठवडे होतं. हेल्मेटात म्हणून झालं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी."

कुठून आलं, मला माहीत नाही. इतक्या वर्षांची सवय, जिभेनं परस्पर उत्तर दिलं. पण ते खोटंही नव्हतं, म्हणून तर मी ते मागे घेतलं नाही. ग्लॅडिसला आश्चर्य वाटलं नाही, रागही आला नाही.

"कमिटी बोलली," ती म्हणाली आणि टोपलीवरचं पान सारखं केलं. "म्हणून नव्हतं विचारलं, मेधा. दरवर्षी तुला नाही म्हणायला लावायचं, मलाच कसंतरी व्हायचं. तू तिथं बरी आहेस गं. तुझी ती संध्याकाळ, मला नसती सुचली."

ती त्यांनी काढून टाकली, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशीही सांगितलं नाही.

देवळाची घंटा झाली. मांडव रिकामा होता. लवीना नळावर हात धूत होती. मी स्कूटर सुरू केली. ग्लॅडिस फाटकाशी आली, हातात निळा पाट. "हा तुझा आत ठेवून देऊ ना? की राहू दे इथंच?"

"राहू दे," मी म्हणाले. "लवीनाला लागेल उद्या."

आयुष्यात मी दिलेला तो एकुलता एक राजीनामा. तिनं तो लगेच मंजूर केला, पाट मांडवाखाली सरकवला आणि दिवा लावायला आत गेली.